अंगणवाडीत काहीच शिकवत नाहीत!



"तिथं काई शिकवत नाईत जी. पोट्टं जाते, खिचडी खाते अन् येते."

हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला पाठ असतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. त्यामुळे आमच्या भंडारा जिल्ह्यात ही चर्चा मे महिन्यातच सुरू होते. मोहफुलं वेचून झालेली असतात, तेंदूपत्ता संपत आलेला असतो, धानाच्या बियाण्याची सोय लावायची असते आणि त्यातच तीन-साडेतीन वर्षांच्या पोराला कोणत्या कॉन्व्हेंटला टाकायचं हा घोर. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, गळ्यात टाय बांधायला लावणाऱ्या कुठल्याही खासगी शाळेला आमच्याकडे कॉन्व्हेंट म्हणतात. तिथे नन नसतात. कधी कधी इंग्रजी बोलणारंही कुणी नसतं.)

मग सकाळी सातच्या सुमाराला व्हॅन येते. अर्धवट झोपेतलं पोर आत कोंबलं जातं आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी के.जी. वनला जातं. अंगणवाडीचा पट कमी होतो. दोन-तीन वर्षांनी त्याच गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या पहिलीचा पट कमी होतो, कारण व्हॅनमध्ये बसलेलं पोर सहसा व्हॅनमधून उतरत नाही. मग वीसपेक्षा कमी पटाची शाळा ठेवायची की नाही यावर वर चर्चा सुरू होते. तेव्हा "काही शिकवत नाहीत" हे वाक्य दिसतं तेवढं साधं नाही. त्याच्या मागे अख्ख्या गावची शाळा उभी आहे.

माझं मत सरळ सांगतो. ज्या अंगणवाडीत बाईला काम करायला वाव मिळतो, तिथे "काही न शिकवता" मूल जे शिकतं ते त्या व्हॅनवाल्या पोराच्या वाट्याला येत नाही. हे मत मी निवृत्तीनंतर ओसरीवर बसून बनवलेलं नाही. नोकरीची बरीचशी वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतला. (बी.ए. झालेला माणूस पहिलीला कशाला, असं तेव्हाही लोक विचारायचे. मला आवडायचा, एवढंच उत्तर होतं.) पहिलीत दोन्हीकडची मुलं यायची. कॉन्व्हेंट परवडेनासं झालं म्हणून परत आलेली काही, अंगणवाडीतली बाकीची. कॉन्व्हेंटवाल्याला ए टू झेड येत असे, शंभरपर्यंत आकडे येत असत. पण तो प्रत्येक गोष्ट विचारून करायचा. "सर, पान पलटवू?" "सर, लाल रंग देऊ की निळा?" "सर, पेन्सिल तुटली." पेन्सिल तुटली हे सांगून तो तसाच उभा. टोक करायचं असतं हे त्याला माहीत होतं, पण ते आपण करायचं असतं हे कुणी त्याच्या लक्षात येऊ दिलेलं नव्हतं. अक्षरं मी त्या दुसऱ्या मुलांना दिवाळीपर्यंत शिकवू शकलो. हे दुसरं काम मात्र फार वेळखाऊ. एकदा मूल "करू का?" या सवयीला लागलं की त्याला त्यातून बाहेर काढायला वर्षही पुरत नाही.

आमच्या भागातल्या एका छोट्या गावच्या अंगणवाडीत मी अधूनमधून जाऊन बसतो. सेविकाताईंना चालतं. मला तिथे कुणी काही काम सांगत नाही, हे म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतं. :) तिथली सकाळ सांगतो. मूल आलं की चपला भिंतीला लागून ठेवतं आणि दाराजवळच्या टोपलीतला एक चिंचोका उचलून दुसऱ्या टोपलीत टाकतं. ही त्याची हजेरी. सगळे आले की एखादं पोर पहिल्या टोपलीत डोकावतं आणि ओरडतं, "तीन नाई आले!" चटया मुलंच घालतात, वाकड्या घालतात. ताई त्या सरळ करत नाहीत. पाण्याचा गंज जमिनीलगत ठेवलेला असतो आणि बाजूला लहान गडवा. चार वर्षांची एक पोरगी गंजातून गडव्यात पाणी ओतत होती, निम्मं खाली. मी उठणार तेवढ्यात ताईंनी मला नजरेनेच बसवलं. पोरीने खुंटीवरचा फडका आणला, पुसलं, पिळायला बाहेर गेली. ती परत यायला दहा मिनिटं लागली, कारण बाहेर एक सरडा होता. आली आणि पुन्हा ओतायला बसली. या वेळी कमी सांडलं.

एक मुलगा चार दिवस एकच काम करत होता. सुपात लाखोळी आणि तूर मिसळून ठेवलेली होती, ती वेगळी करायची. बाकीची गाणी म्हणत होती, हा आपला सुपाशी. पाचव्या दिवशी त्याने वेगळ्या केलेल्या लाखोळीच्या दाण्यांच्या ओळी लावल्या, दहा-दहाच्या. दहाच का, कुणास ठाऊक, बोटं तेवढी असतात म्हणून असेल. मी ताईंना म्हटलं, "तुम्ही दाखवलं का त्याला?" त्या म्हणाल्या, "मी काई नाई केलं जी. मी फक्त त्याले तिथून उठवलं नाई."

डी.एड.ला बालमानसशास्त्राचं अख्खं पुस्तक मी पाठ केलं होतं, त्यात इतकं नेमकं वाक्य मला आठवत नाही.

आता यात नवीन काय, असं म्हणाल तर काहीच नाही. मारिया माँटेसरी बाईंनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. आई-बाप मजुरीला गेलेली पोरं ती, आपल्या रोवणीच्या दिवसांतल्या पोरांसारखीच. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. एकदा त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरायचं याचा धडा दिला. रुमाल कसा धरायचा, आवाज कसा होऊ द्यायचा नाही, सगळं नीट करून दाखवलं. धडा संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या! बाईंना नवल वाटलं, मग उमगलं. नाकावरून या मुलांना सगळ्यांनी आजवर फक्त हिणवलं होतं. नाक साफ करायचं कसं, हे मात्र कुणी दाखवलंच नव्हतं. शेंबडा म्हणून हाक मारणं सोपं असतं ना.

तिकडून हा विचार भावनगरला आला. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःचं मूल झाल्यावर त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता वकिली सुटली आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्तीचं बालमंदिर सुरू झालं. मुलं त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, मिशीवाली आई. आणि मग आपल्या ताराबाई मोडक. आपल्या म्हणायचा हक्क विदर्भाला थोडा आहेच, कारण लग्नानंतर त्या अमरावतीला होत्या. पुढे राजकोटला महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या, ती चांगली नोकरी सोडून गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला.

मुंबईत दादरला सुशिक्षितांच्या मुलांसाठी त्यांचं काम छान चाललं होतं. तिथेच राहिल्या असत्या तर आज त्यांचं नाव एखाद्या महागड्या शाळेच्या पाटीवर दिसलं असतं. पण १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये. सोबत अनुताई वाघ, तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या, नंतर शिकून शिक्षिका झालेल्या. तिथे काय घडलं ते आमच्या आजच्या प्रश्नाच्या फार जवळचं आहे. माँटेसरीचं साहित्य महाग, लाकडी, मोजून-मापून बनवलेलं. वारली पाड्यावर ते कुठून आणणार? म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं, माती हेच साहित्य झालं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्यावर कुणाच्या तरी अंगणात नेऊन मांडली. 'अंगणवाडी' हा शब्द या कामातून आलेला आहे. गुरं राखणारी मुलं शाळेत येणार नाहीत, म्हणून शिक्षक कुरणावर गेले आणि ती झाली कुरणशाळा. मूल जिथे आहे आणि ज्यात रमलं आहे तिथे जायचं, ही त्यांची पद्धत. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. शब्द पोचला, पण त्यातलं अंगण वाटेत कुठेतरी राहिलं. या योजनेत सहा सेवा आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. कुपोषण समोर असताना आहार आणि वजनकाटा पुढे असणं बरोबरच आहे, मी त्यावर बोट ठेवत नाही. पण शिक्षण कायम शेपटाला राहिलं. म्हणून "तिथं काई शिकवत नाईत" हे पुष्कळ ठिकाणी खरंच आहे, हे मला मान्य करावं लागतं. काही ठिकाणी पोरं भिंतीला टेकून रांगेत बसतात, खिचडीची वाट पाहतात आणि खाऊन घरी जातात. त्याला बालकेंद्री शिक्षण म्हणायला मी काही वेडा नाही.

इथे एक गल्लत होते ती सांगतो. मुलाला मोकळं सोडणं आणि मुलाला त्याचं काम करू देणं या फार वेगळ्या गोष्टी आहेत. मोकळं सोडायला काही लागत नाही. लाखोळीच्या सुपाशी चार दिवस मूल बसू द्यायला मात्र ते सूप आदल्या संध्याकाळी कुणीतरी भरून ठेवावं लागतं, ते याच मुलाच्या समोर येईल असं बघावं लागतं, आणि दुसरं पोर येऊन सूप उलटं करणार नाही यावर लक्ष ठेवावं लागतं. फळ्यावर 'ए फॉर ॲपल' लिहून चाळीस मुलांकडून ओरडून घेणं त्याच्या मानाने आरामाचं काम आहे. आणि हे अवघड काम आम्ही ज्या बाईकडून अपेक्षितो तिला काय देतो? पगार नाही, मानधन. मोबाईलवर २०२१ पासून पोषण ट्रॅकर, त्यात रोजची नोंद. रेंज नसेल तर धुऱ्यावर जाऊन उभं राहायचं. शिवाय सर्वेक्षणं, बैठका. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ग्रॅच्युइटीचा हक्क या बायकांनाही लागू होतो असा निकाल दिला, तरी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा जवळजवळ दोन महिने राज्यातल्या सेविका-मदतनिसांना संप करावा लागला. त्या काळात गावात काय ऐकू आलं? "बंदच आहे जी, तसंबी काई शिकवत नव्हते." मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आता दुसरी बाजू. ती मी टाळली तर आमच्या गावच्या बायका मला सोडणार नाहीत. रोवणीच्या दिवसांत एका बांधीच्या धुऱ्यावर एका तरुण आईशी माझं यावर बोलणं झालं. पऱ्ह्यांची पेंढी हातात, पाय चिखलात. मी आपला ताराबाई, माँटेसरी सांगतोय. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुर्जी, तुमचे नातू कोणत्या शाळेत शिकले जी?" इंग्रजी शाळेत, मी म्हटलं. दोघेही. खोटं कशाला बोलू? ती हसली आणि पुन्हा वाकून रोवायला लागली.

तिच्या हसण्याला उत्तर द्यायला हवं. तिचा नवरा नागपूरला बांधकामावर जातो. इंग्रजी येणारा मुकादम आणि न येणारा मजूर यांच्यातला फरक त्याने रोज पाहिलेला आहे. ज्याच्या घरात पुस्तकं आहेत, आजोबा गुरुजी आहेत, त्याच्या पोराने सहा वर्षं मातीत खेळलं तरी त्याचं काही बुडत नाही. जिचं पोर मागे पडलं तर ओढायला घरात कुणी नाही, तिला "होईल आपोआप" हे श्रीमंती थाटाचं वाक्य वाटणारच. तिची भीती खरी आहे, यावर मी वाद घालत नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या भीतीवर जे औषध ती विकत घेतेय त्यात औषधच नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाकडून स्मॉल ए गिरवून घेतल्याने इंग्रजी येत नाही. इंग्रजी येतं ते कानावर पडून, गाण्यातून, गोष्टीतून आणि मुख्य म्हणजे आधी स्वतःच्या भाषेत धडधड बोलता येत असेल तर. व्हॅनमधली आमची पोरं घरी झाडीबोलीत बोलतात, शाळेत गप्प बसतात. दोन वर्षं गप्प बसायची सवय लावून घेण्याचे पैसे भरायचे, हे मला पटत नाही. आणि इंग्रजी हवंच असेल तर अंगणवाडीच्या बाईला चार इंग्रजी बडबडगीतं शिकवणं सरकारला काही जड नाही. ही मागणी गावाने ग्रामसभेत करावी, मी सही करीन.

स्वावलंबनाच्या बाबतीतही थोडं सांभाळून बोलायला हवं. शहरातली आमची नातेवाईक मंडळी इथे आली की म्हणतात, "बघा, गावातली मुलं किती स्वावलंबी!" सहा वर्षांची पोरगी लहान भावाला कडेवर घेऊन फिरते, चूल पेटवते, तांदूळ निवडते. मला त्यात स्वावलंबन दिसत नाही. ते राबणं आहे आणि ते बहुतेक वेळा पोरीच्याच वाट्याला येतं. तिने भावाला घ्यायचं ठरवलेलं नसतं, तिच्यावर तो दिलेला असतो. कोसबाडला ताराबाईंना हेच दिसलं. म्हणून त्यांनी 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. धाकटा पाळणाघरात गेला की थोरलीचे हात मोकळे झाले. आज आमच्याकडे रोवणीच्या महिन्यात बाई पहाटे बांधीत जाते आणि दिवेलागणीला येते. अंगणवाडी दुपारीच मिटते. मधल्या वेळात ती पोरं कुणाकडे असतात? थोरल्या बहिणीकडे. बोड्या, तलाव भरलेले असतात, हेही विसरू नका. तलावांच्या जिल्ह्यात "मुलाला मोकळं फिरू द्या" हे वाक्य जपून म्हणावं.

सुरीचाही एक वाद झाला होता, तोही सांगून टाकतो. त्या ताईंनी मुलांना बोथट सुरीने काकडी कापायला दिली. एका पालकाने मोठा गोंधळ घातला. त्याच पालकाच्या घरी तेच पोर आईशेजारी विळ्यावर भाजी चिरताना मी पाहिलं होतं! मी ते बोललो नाही. ताईंनी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावून फक्त बसवून ठेवलं. पोराने काकडी कापली, ताटलीत घेऊन सगळ्यांना वाटली, शेवटचा तुकडा बापाला दिला. गृहस्थ नंतर काही बोलले नाहीत. पटलं की नाही, देव जाणे.

सरकारी कागदावर मात्र आता सगळं ताराबाईंच्याच बाजूचं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर एकत्र धरला आहे, २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात खेळातून शिकण्याबद्दल पानंच्या पानं आहेत, २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' सुरू झालं. वाचून बरं वाटतं. पण जोवर ताईंच्या हातातला मोबाईल सकाळचे दोन तास बाजूला ठेवायची त्यांना मुभा मिळत नाही, तोवर ती पानं पानंच राहतील. मला विचाराल तर मला पहिली सुधारणा हीच हवी. नवीन पुस्तिका नको, नवीन किट नको. दहा ते बारा या वेळात सेविकेला कुणी फोन करायचा नाही, एवढा एक आदेश काढा.

आता पुण्याच्या पुतण्यासाठी. त्याने मागच्या आठवड्यात विचारलं होतं, "काका, मुलीसाठी तीन शाळा बघून आलो. तिन्हींच्या पाटीवर माँटेसरी लिहिलंय, कोणती घेऊ?" बाबा रे, ते नाव कुणीही लावू शकतं, त्यावर जाऊ नकोस. तू सकाळी वर्ग चालू असताना जा आणि कोपऱ्यात तासभर बस. बसू देत नसतील तर तिथूनच परत फीर. पिण्याचं पाणी कुठे ठेवलंय ते बघ, तीन वर्षांच्या मुलाचा हात पोचतो का. काही सांडलं तर कोण उठतं ते बघ. आणि त्या तासाभरात बाई जास्त बोलल्या की मुलं, हे कान देऊन ऐक. लाकडी मनोरे, रंगीत भिंती, फीचा तक्ता हे नंतर बघितलंस तरी चालेल. दिवाळीत सगळे याल तेव्हा शाळांना सुट्टी असेल, पण नंतर दोन दिवस राहिलात तर इथल्या अंगणवाडीत तिला घेऊन जाऊ. ताईंना मी विचारून ठेवलंय. लाखोळी पुरेशी आहे म्हणाल्या.